आत्याबाईंनी उत्तर दिलं नाही तरी नंबर काढता येतो

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, ७६ वर्षांच्या आहेत. शिक्षण मराठी चौथी. दोन-अडीच वर्षांपूर्वी मिरजेला दाखवलं तेव्हा स्मृतिभ्रंश, अल्झायमरचा प्रकार, असं निदान झालं. गोळी चालू आहे. गेल्या दिवाळीपासून त्या ताटातला भात सोडून बाजूला हात घालतात. उंबऱ्याजवळच्या काळ्या पायपुसणीवर पाय ठेवायला तयार होत नाहीत. हरिपाठाचं पुस्तक उघडून नुसत्या बसून राहतात. तिन्हीसांजेला ‘कट्ट्यावर पोरं बसलीत’ म्हणतात, तिथं कुणी नसतं. चष्म्याच्या दुकानात नेलं तर तक्ता वाचा म्हटल्यावर गप्प बसल्या. तिथला माणूस म्हणाला, ‘आजी उत्तरच देत नाहीत, नंबर कसा काढू?’ एका दवाखान्यात मोतीबिंदू असल्याचं सांगितलं, पण ‘या अवस्थेत आता चष्मा काय आणि ऑपरेशन काय’ म्हणून परत पाठवलं. ह्यांचं म्हणणं, उगाच आईचे हाल नकोत. मला ते पटत नाही. आत्याबाईंना खरंच दिसत नाही, की आजारामुळं समजत नाही, हे कळायला काही मार्ग आहे का? — एक सून

उत्तर: ताई, तुम्हाला पटलं नाही ते योग्यच आहे, आणि तुम्ही गप्प न बसता लिहिलंत हे फार बरं केलंत. आधी सरळ उत्तर देते. आत्याबाई एक शब्द बोलल्या नाहीत तरी त्यांच्या चष्म्याचा नंबर काढता येतो. मोतीबिंदू किती वाढलाय, पडदा कसा आहे, डोळ्याची नस सुकत चाललीय का, डोळ्याचं प्रेशर किती आहे, हे सगळं त्यांच्या उत्तरावाचून तपासता येतं. उरतो तो एकच भाग: जे दिसतंय त्याचा त्यांना काय अर्थ लागतो. तो घरच्या माणसांनी बारकाईनं बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून या पत्रात तुम्हालाही थोडं काम सांगणार आहे.

दुकानात जे झालं ते पहिल्यांदा बाजूला ठेवूया. तक्ता वाचणं आपल्याला सोपं वाटतं, पण त्यात एकामागून एक काय काय करावं लागतं बघा. समोरच्याचं सांगणं ऐकायचं, ते ध्यानात ठेवायचं, नेमकी ओळ शोधायची, अक्षर ओळखायचं, त्याचं नाव आठवायचं आणि अनोळखी माणसासमोर ते मोठ्यानं म्हणायचं. यात निव्वळ नजरेचं काम थोडंच आहे, बाकीचं मेंदूचं. हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञांनी १८६२ मध्ये हा तक्ता केला तो सांगितलेलं समजणाऱ्या आणि अक्षरं येणाऱ्या माणसासाठी. स्मृतिभ्रंशात यातली कुठलीही पायरी निसटू शकते. त्यात दुकानातला तक्ता बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांचा असतो. मराठी चौथी शिकलेली, वयानं एवढी मोठी बाई तिथं चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसणं पसंत करते. स्मरणशक्ती शाबूत असलेल्या कितीतरी आज्याही तेच करतात. आत्याबाईंच्या गप्प बसण्यावरून त्यांच्या नजरेबद्दल काहीच कळलेलं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. ‘नंबर काढता येत नाही’ याचा खरा अर्थ ‘या तक्त्यावर काढता येत नाही’ एवढाच घ्या.

न विचारता नंबर काढायची जी पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते ती जुनी आहे. तिला रेटिनोस्कोपी म्हणतात. १८७३ मध्ये एका फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी ती मांडली आणि आजही नेत्रविभागात शिकायला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती हातात बसवावी लागते. यंत्र हातात मावेल एवढं, बॅटरीसारखं असतं. खोलीतला उजेड कमी करतात. डॉक्टर समोर हातभर अंतरावर बसतात आणि उजेडाची एक उभी रेघ बाहुलीवरून हळूच इकडून तिकडं नेतात. आतल्या पडद्यावरून परत येणारा उजेड बाहुलीत तांबूस दिसतो. रेघ ज्या बाजूला नेली त्याच बाजूला ती तांबूस चमक सरकली तर अधिक नंबरची काच डोळ्यासमोर धरायची, उलट्या बाजूला सरकली तर वजा नंबरची. काचा बदलत जायचं. एका काचेला ती चमक सरकायचीच थांबते, सगळी बाहुली एकदम उजळते नाहीतर एकदम अंधारते. नंबर तिथं सापडला. त्यातून डॉक्टर जेवढ्या अंतरावर बसलेत त्याचा हिशेब वजा करायचा, ६७ सेंटिमीटरला दीड. मग रेघ आडवी करून सिलिंडरचा, म्हणजे उभ्या-आडव्या दिशेतल्या फरकाचा, नंबर बघायचा. सरावाच्या हाताला एका डोळ्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. आत्याबाईंनी या सगळ्यात काय करायचं? डोळे उघडे ठेवून बसायचं.

लहान मुलांपेक्षा हे एका अर्थानं सोपं आहे. मुलांच्या डोळ्यातलं भिंग सारखं आपला आकार बदलतं, म्हणून ते ढिलं करायला आधी औषध घालावं लागतं. पंच्याहत्तरीच्या डोळ्यात भिंगाची ती लवचीकता उरलेलीच नसते. अडचण येते ती दोन कारणांनी: वयानं बाहुली बारीक झालेली असते आणि मोतीबिंदूमुळं आतली चमक मळकट दिसते. मग डॉक्टर जवळ सरकून बघतात किंवा बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. थेंब घालायचे असतील तर ट्रॉपिकामाइडसारखे सौम्य चालतील का, एवढं विचारा. ॲट्रोपिन किंवा सायक्लोपेंटोलेटच्या थेंबांनी वयस्कर माणसाचा, त्यातून स्मृतिभ्रंश असलेल्याचा, गोंधळ वाढू शकतो. थेंबांनंतर काही तास उजेड खुपतो आणि जवळचं धूसर दिसतं. घरी येताना हात धरून आणा.

एक छोटी युक्ती सांगते. तपासताना तुम्ही आत्याबाईंच्या शेजारी बसू नका, डॉक्टरांच्या मागं, त्यांच्या कानाच्या रेषेत उभ्या राहा आणि आत्याबाईंशी गावाकडच्या गप्पा मारा. माहेरचं नाव काढा, बेदाण्याच्या शेडवरचं काहीतरी विचारा. त्यांचे डोळे आपोआप तुमच्याकडं येतात आणि डॉक्टरांना नेमका हवा तो कोन मिळतो. ‘इकडं बघा, इकडं बघा’ म्हणून दहादा बजावण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त.

कॉम्प्युटरवर नंबर काढतात तेही न विचारताच. हनुवटी टेकवायची, आत दिसणाऱ्या फुग्याच्या नाहीतर घराच्या चित्राकडं बघायचं, काही क्षणांत कागदाची पट्टी बाहेर येते. आत्याबाई टेकून बसल्या तर जरूर करा. पण मान हलली, पापणी मिटली, मोतीबिंदू दाट असला की आकडा भलताच येतो आणि छापून आल्यामुळं तो खरा वाटतो. नुसत्या त्या पट्टीवर चष्मा करू नका. रेटिनोस्कोपीनं तो पडताळून घ्यायला सांगा.

घरातले जुने चष्मे, अगदी काडी मोडलेलेसुद्धा, सोबत न्या. लेन्सोमीटर नावाच्या यंत्राखाली काच धरली की तिचा नंबर लगेच कळतो. आत्याबाईंना पूर्वी कुठल्या नंबरनं वाचता येत होतं हे त्यावरून समजतं, आणि ते त्यांना आठवायची गरजही पडत नाही. घरात तीन म्हातारी माणसं असली की चष्मे अदलाबदल होतात. आजी महिनोन्‌महिने भलत्याचाच चष्मा लावून बसलेल्या निघतात आणि सगळा दोष आजाराला लागतो.

नंबर निघाला म्हणजे नजर किती आहे ते कळलं, असं मात्र नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत आणि त्याही मुक्यानं होतात. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिडा टेलर यांनी तान्ह्या बाळांची नजर मोजण्यासाठी काही पुठ्ठे तयार केले. करड्या रंगाचा लांबट पुठ्ठा, एका बाजूला काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा, दुसरी बाजू कोरी, मध्ये एक बारीक भोक. माणसाची नजर कोऱ्या जागेपेक्षा रेघांकडं ओढली जाते. तपासणारा भोकातून बघतो की डोळे कुठल्या बाजूला वळले. पुठ्ठे बदलतात तशा रेघा बारीक होत जातात. एका पुठ्ठ्यापाशी डोळे कुठंच ओढले जात नाहीत, म्हणजे त्या रेघा आता करड्या रंगात विरल्या. बाळांसाठी केलेली ही चाचणी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनाही लागू पडते. कार्डिफच्या मार्गारेट वुडहाउस यांच्या पुठ्ठ्यांवर रेघांऐवजी मासा, घर, बदक अशी चित्रं वर किंवा खाली काढलेली असतात. डोळे वर गेले की खाली, एवढंच बघायचं. पट्ट्यापट्ट्यांचं ढोलकं डोळ्यांसमोर फिरवायचीही एक रीत आहे. रेल्वेच्या खिडकीतून खांब बघणाऱ्याचे डोळे जसे खांबाबरोबर सरकतात आणि झटक्यात परत येतात, तसेच पट्टे दिसणाऱ्याचे डोळे सरकतात.

यात दोन खाचखळगे आहेत. रेघा दिसणं हे अक्षर वाचण्यापेक्षा सोपं काम आहे, त्यामुळं पुठ्ठ्यांवरची नजर तक्त्यापेक्षा चांगली येते, विशेषतः पडद्याचा मधला भाग खराब असेल तर. दुसरं असं, की आजार बराच पुढं गेला की डोळे मनासारखे वळवणंच जमेनासं होतं. अशा माणसानं रेघांकडं बघितलं नाही म्हणून त्याला दिसत नाही असं धरता येत नाही. बघितलं तर दिसतं हे नक्की, नाही बघितलं तर काहीच नक्की नाही. हे पुठ्ठे प्रत्येक दवाखान्यात नसतात. जिथं लहान मुलांचे डोळे तपासतात तिथं चौकशी करा.

पण पुठ्ठ्यांवाचूनही घरी बरंच कळतं. हे तुमचं काम. आत्याबाई शांत असतील तेव्हा गप्पा मारता मारता हळूच त्यांचा एक डोळा तळहातानं झाका, मग दुसरा. एक डोळा झाकल्यावर त्या हात बाजूला सारतात, मान फिरवतात, आणि दुसरा झाकल्यावर काहीच करत नाहीत, असं झालं तर ज्याला विरोध केला तो त्यांचा चांगला डोळा. लहान मुलांत आम्ही रोज हेच बघतो. आणखी एक करा. गडद रंगाच्या कापडावर चार-पाच चुरमुरे टाका आणि उचलायला सांगा, न सांगता त्या स्वतःच उचलतात का तेही बघा. हात थेट दाण्यावर जातो, चाचपडत जातो, की बाजूला पडतो? हे मोबाइलवर टिपून ठेवा. डॉक्टरांना ते दाखवलंत तर तोंडी वर्णनापेक्षा चौपट उपयोग होईल.

आता तुमचा खरा प्रश्न: दिसत नाही की समजत नाही? बहुतेक वेळा थोडं हे असतं आणि थोडं ते. अल्झायमर मेंदूच्या मागच्या भागात उतरला की डोळे धडधाकट असूनही माणसाला समोरची वस्तू सापडत नाही, अंतराचा अंदाज येत नाही, पायरी कुठं संपली ते कळत नाही. काही जणांत आजाराची सुरुवातच अशी होते. फ्रँक बेन्सन या अमेरिकी मेंदूतज्ज्ञांनी १९८८ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं. ते रुग्ण आत्याबाईंपेक्षा वयानं लहान असतात, साधारण पन्नाशी-साठीतले, पण नेहमीच्या अल्झायमरमध्येही पुढं पुढं असा त्रास होतो.

घरच्या घरी ओळखायला काही खुणा आहेत. दोष डोळ्यात असला की उजेड वाढवल्यावर, वस्तू जवळ धरल्यावर, अक्षर मोठं केल्यावर फरक पडतो. दोष मेंदूच्या मागच्या भागात असला की उलटंही होतं. ताटाशेजारी पडलेलं शीत दिसतं आणि अख्खं ताट सापडत नाही. एक वस्तू समोर असली तर कळते, चार एकत्र असल्या तर एकही कळत नाही. हात वस्तूच्या पलीकडं जातो. आत्याबाईंचा भात सोडून बाजूला जाणारा हात यातलाच असू शकेल, किंवा चकचकीत स्टीलच्या ताटात पांढरा भात त्यांना वेगळा दिसतच नसेल. डोळे तपासल्याशिवाय यातलं कुठलं खरं ते सांगता येणार नाही. म्हणूनच ‘स्मृतिभ्रंश आहे, असंच होणार’ हे उत्तर मला मान्य नाही. नंबर काढला, मोतीबिंदूचा हिशेब लागला, पडदा आणि नस ठीक निघाली, आणि तरीही हात बाजूलाच जातोय, तर मग मेंदूच्या डॉक्टरांकडं परत जायचं. त्या वेळी ते डोक्याच्या मागच्या बाजूला वायरी लावून एक चाचणी सुचवू शकतात, व्हीईपी. समोरच्या स्क्रीनवर काळे-पांढरे चौकोन उलटसुलट होतात आणि डोळ्यांकडून निघालेला संदेश मेंदूच्या मागच्या भागात पोचायला किती वेळ लागला ते मोजतात. निरोगी माणसात तो साधारण १०० मिलिसेकंदांना पोचतो. समोर बघत राहणं जमत नसेल तर नुसत्या उजेडाच्या झोतावरही ही चाचणी होते. संदेश पोचला एवढंच ती सांगते, तो उमगला की नाही हे तिला सांगता येत नाही. त्यामुळं सुरुवातीलाच ती करायला धावू नका.

कट्ट्यावरच्या पोरांबद्दल मात्र लवकर बोलायला हवं. नजर खूप कमी झाली की मेंदू रिकाम्या जागेत स्वतःची चित्रं भरतो. चार्ल्स बॉने या स्विस अभ्यासकांनी १७६० मध्ये आपल्या मोतीबिंदू झालेल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं, म्हणून त्या त्रासाला त्यांचंच नाव आहे. त्यात माणसं दिसतात, पोरं दिसतात, नक्षी दिसते, आवाज येत नाही. नजर सुधारली की हे कमी होऊ शकतं. पण अशीच माणसं लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशातही दिसतात, आणि तिथं हॅलोपेरिडॉलसारखं शांत करणारं औषध दिलं तर अंग कडक होणं, शुद्ध हरपणं इथपर्यंत गंभीर त्रास होऊ शकतो. तेव्हा पोरं कधी दिसतात, कशी दिसतात, चालता चालता आत्याबाईंचे पाय घसटतात का, एखादा दिवस अगदी बरा आणि दुसरा फार वाईट असं होतं का, हे लिहून मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. कुणी झोपेची किंवा शांत करणारी गोळी सुरू करायचं म्हटलं तर आधी त्यांना विचारा. ‘तिथं कुणी नाही’ म्हणून आत्याबाईंशी वाद घालू नका. कट्ट्यावरचा दिवा लावा, त्यांच्यासोबत तिथपर्यंत जाऊन या.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मोतीबिंदूमुळं रोजचं जगणं अडत असेल आणि तब्येत झेपण्यासारखी असेल, तर नुसत्या स्मृतिभ्रंशासाठी ऑपरेशन नाकारू नये. उलट आज जमतंय तर आजच करावं, कारण वर्षभरानं आत्याबाई टेबलावर स्थिर पडून राहतील याची खात्री नाही. ऑपरेशननं आठवण परत येते, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत सिएटलमध्ये हजारो वयस्कर माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेल्या पाहणीत, ज्यांनी मोतीबिंदू काढला त्यांच्यात पुढं स्मृतिभ्रंश होण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसलं. ते २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. ते आजार नसलेल्या माणसांबद्दल आहे, आत्याबाईंना लागू करू नका. आत्याबाईंना मिळेल ते वेगळं: भात दिसेल, उंबरा दिसेल, तुमचा चेहरा दिसेल. मला तेवढं पुरेसं कारण वाटतं.

ठरवायच्या आधी डॉक्टरांशी या गोष्टी बोला. भूल कशी देणार: नुसत्या थेंबांवर, डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊन, की पूर्ण भूल? पूर्ण भुलीनंतर अशा माणसाचा गोंधळ काही दिवस वाढू शकतो, पण हलणाऱ्या डोळ्यावर ऑपरेशन करण्यापेक्षा कधी कधी तीच सुरक्षित असते. भूलतज्ज्ञांना स्मृतिभ्रंशाची गोळी आवर्जून दाखवा. भूल चढेपर्यंत तुम्हाला आत थांबू देतील का, ते विचारा. मोतीबिंदू इतका दाट असेल की पडदा दिसत नाही, तर आधी सोनोग्राफी करून घ्यायला सांगा, म्हणजे आत काही वेगळं नाही याची खात्री होते. आतल्या लेन्सचा नंबर यंत्रावर मोजून ठरतो, त्यालाही आत्याबाईंच्या उत्तराची गरज नाही. त्या बहुतेक वेळ घरात, ताट-पुस्तक-माणसं एवढ्यातच असतात, मग लेन्स लांबच्याऐवजी जवळचं स्पष्ट दिसेल अशी बसवावी का, हा प्रश्न जरूर काढा. चष्मा सांभाळणं ज्यांना जमत नाही त्यांना याचा मोठा फायदा होतो. ऑपरेशननंतर महिनाभर दिवसातून अनेकदा थेंब घालायचे असतात आणि डोळा चोळू द्यायचा नसतो. ते कोण करणार हे आधी ठरवा. सगळं तुमच्या एकटीवर पडणार असेल तर ते आत्ताच घरात बोलून घ्या.

ह्यांना काय सांगायचं? हाल होऊ नयेत हे त्यांचं म्हणणं आईच्या मायेतूनच आलंय. त्यांना सांगा की नंबर काढण्यात सुई नाही, दुखणं नाही, अंधारात दहा मिनिटं बसणं आहे. ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंश असलेल्या ७०० हून अधिक जणांचे डोळे तपासले गेले, तो अहवाल २०१६ मध्ये आला. दहातल्या आठांहून अधिक जणांच्या मुख्य तपासण्या व्यवस्थित पार पडल्या. सुमारे एक तृतीयांश लोकांची नजर ६/१२ पेक्षा कमी निघाली (६/१२ म्हणजे चांगल्या नजरेला १२ मीटरवरून वाचता येणारं अक्षर ६ मीटरवरून वाचता येणं), आणि त्यातल्या दहामागं चौघांहून जास्त जणांना नुसता योग्य चष्मा दिल्यावर चांगलं दिसायला लागलं. न तपासता घरी बसवून ठेवलं तर ही माणसं धुक्यातच राहिली असती. हाल ते आहेत, असं मला मनापासून वाटतं.

घरात उद्यापासून करता येण्यासारखं बरंच आहे. काळी पायपुसणी उचला. ती आत्याबाईंना खड्ड्यासारखी दिसत असणार. तिथं फरशीच्या रंगाशी मिळतं काहीतरी घाला, नाहीतर काहीच नको. उंबऱ्याच्या कडेला मात्र उलट करा, ठळक रंगाची पट्टी ओढा. जेवायला स्टीलच्या ताटाऐवजी एकरंगी लाल किंवा गडद निळं ताट घ्या, नक्षी नसलेलं. बोस्टनमध्ये अल्झायमर पुढं गेलेल्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी अशा गडद रंगाच्या ताट-पेल्यांत वाढलं तेव्हा त्यांचं खाणं सरासरी २५ टक्के आणि पिणं ८४ टक्के वाढलं. रुग्ण मोजकेच होते, पण करून बघायला ताटाची किंमत तेवढी लागते. दूध पांढऱ्या कपात देऊ नका. एका वेळी ताटात दोनच पदार्थ वाढा. दिवेलागणीच्या आधीच दिवे लावा, सावल्या पडू देऊ नका. खिडकीच्या काचेत स्वतःचंच रूप बघून त्या दचकत असतील तर पडदा ओढा. हरिपाठ मोठ्या टायपात मिळतो, तो आणा. अभंग त्यांना पाठ असतील, पुस्तक नुसतं समोर लागत असेल. तुम्ही पहिली ओळ म्हणून बघा.

नवा चष्मा करताना वरून लांबचं आणि खालून जवळचं दिसणारा करू नका, त्यांना त्याची सवय नसेल तर. खालच्या काचेतून पायरी बघितली की ती धूसर दिसते आणि माणूस पडतो. जवळचा एक, लांबचा एक, दोघांच्या काड्या वेगळ्या रंगाच्या, आणि काडीवर आत्याबाईंचं नाव. पुढच्या वेळी स्मरणशक्तीची तीस गुणांची चाचणी घेतील तेव्हा चष्मा लावूनच बसवा. त्यात वाचायचे आणि चित्र बघून काढायचे प्रश्न असतात, नजर नसली की ते गुणही स्मरणशक्तीच्या खात्यावर कमी होतात.

कुठं जायचं? आपल्या भागात मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे. सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूचं ऑपरेशन राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत होतं. खासगी दवाखान्यात जाणार असाल तर आधी फोन करा आणि एवढंच विचारा: ‘पेशंट उत्तर देऊ शकत नाहीत, तुमच्याकडं हातानं रेटिनोस्कोपी करतात का?’ ‘हो’ म्हणाले तर जा. सकाळचा पहिला नंबर मागा, आत्याबाईंचा चहा-नाष्टा होऊन त्या ताज्या असतात ती वेळ. संध्याकाळी, ओपीडीच्या गर्दीत, एसटीच्या धक्क्यांनी दमल्यावर नेऊ नका. एका दिवसात सगळं उरकायचा आग्रहही नको. त्या कंटाळल्या तर उरलेलं पुढच्या आठवड्यात करा. तपासणाऱ्याला सांगा की ‘पहिली काच बरी की दुसरी’ असं विचारू नका, ती काच लावून पुस्तक हातात द्या आणि त्या काय करतात ते बघा. आणि त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल परक्यासारखं कुणी बोलू लागलं तर थांबवा. काय करणार आहेत ते डॉक्टरांनी आत्याबाईंनाच सांगावं, कळो न कळो.

केसपेपरवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: स्मृतिभ्रंश, तोंडी उत्तर देत नाहीत, रेटिनोस्कोपी करावी. चालू औषधांची यादी त्यालाच टाचा. तपासणी झाली की दोन्ही डोळ्यांचे नंबर आणि मोतीबिंदूबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. ऑपरेशन ठरलं तर थेंबांचं वेळापत्रक घरच्या कामांत कसं बसवायचं, ते सविस्तर लिहीन.